मोठ्या रिझोल्यूशनचा फुल फ्रेम डीएसएलआर घ्यावा का? सोलापूरच्या छायाचित्रकारांसाठी निर्णयाची पद्धत

सोलापुरातील अनेक छायाचित्रकारांकडे आज २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फुल फ्रेमहून लहान सेन्सरचा) डीएसएलआर आहे: निकॉनचा डी७२०० किंवा डी५६००, कॅननचा ८०डी किंवा २००डी. दुसरीकडे अनेक व्यावसायिक मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे, वळत असल्यामुळे निकॉन डी८१० आणि डी८५०, कॅनन ५डीएस आणि ५डीएस आर हे एकेकाळी आवाक्याबाहेर वाटणारे कॅमेरे जुन्या बाजारात विक्रीला येऊ लागले आहेत. त्यामुळे ‘आता घेऊन टाकावा का’ हा प्रश्न लग्नसराईच्या हिशेबानंतर हमखास निघतो. या लेखात कोणत्या कॅमेऱ्याला किती गुण द्यायचे हे सांगितलेले नाही. तुमच्या कामाला तो लागतो का, हे घरच्या घरी कसे तपासायचे, तेवढेच सांगितले आहे.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या करून घ्याव्यात, कारण दुकानात त्या नेहमी एकत्रच विकल्या जातात. सेन्सरचा आकार ही एक गोष्ट आणि त्यावरील पिक्सेलची संख्या ही दुसरी. फुल फ्रेम सेन्सर साधारण ३६ × २४ मिलिमीटरचा असतो. निकॉनच्या क्रॉप सेन्सरपेक्षा त्याचे क्षेत्रफळ सुमारे सव्वादोन पट, तर कॅननच्या क्रॉप सेन्सरपेक्षा अडीच पटींहून थोडे अधिक असते. त्याच अ‍ॅपर्चरला आणि त्याच शटर स्पीडला तो तितका जास्त प्रकाश गोळा करतो, म्हणजे एक स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) थोडा अधिक फायदा मिळतो. हा फायदा आकाराचा आहे. २४ मेगापिक्सेलच्या डी७५० मध्येही तो मिळतो आणि ४५.७ मेगापिक्सेलच्या डी८५० मध्येही जवळपास तितकाच मिळतो. तेव्हा तुमची तक्रार ‘मंगल कार्यालयातल्या पिवळ्या दिव्यांत फोटो खरखरीत येतात’ अशी असेल, तर तुम्हाला फुल फ्रेम हवा आहे. मोठे रिझोल्यूशन हवेच आहे असे नाही.

पिक्सेलच्या संख्येबाबत आणखी एक गैरसमज आहे. २४ वरून ४५.७ मेगापिक्सेलवर गेल्यास तपशील दुप्पट होईल असे वाटते, पण संख्या क्षेत्रफळाची असते. २४ मेगापिक्सेलचे छायाचित्र ६००० × ४००० पिक्सेलचे असते आणि डी८५० चे ८२५६ × ५५०४ चे. लांबीच्या दिशेने वाढ केवळ ३८ टक्क्यांची आहे. ती कमी नाही, परंतु ‘दुप्पट’ या शब्दावर पैसे मोजू नयेत.

छायाचित्र शेवटी कुठे जाते?

निर्णयाची खरी सुरुवात येथून करावी. मागील वर्षभरात ज्यांचे पैसे मिळाले किंवा जी तुम्हाला स्वतःला सर्वांत प्रिय आहेत, अशी छायाचित्रे एका फोल्डरमध्ये काढा आणि प्रत्येकासमोर ते शेवटी कोणत्या आकारात पाहिले गेले ते लिहा. प्रामाणिकपणे लिहिल्यास बहुतेकांची यादी मोबाइलच्या पडद्यावरच संपते. मोठ्या ४के टीव्हीलाही ८.३ मेगापिक्सेल पुरतात. मोबाइलची आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवताना होणाऱ्या काटछाटीची तर गोष्टच सोडा.

छपाईचे गणित सोपे आहे. हातात धरून पाहायच्या प्रिंटसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरण्याची रीत आहे. लॅबमध्ये सर्रास होणाऱ्या १२ × १८ इंची प्रिंटला लांबीच्या बाजूने ५४०० पिक्सेल लागतात, आणि ते २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याकडे आधीच आहेत. ३०० च्या हिशेबाने २४ मेगापिक्सेल २० इंचांपर्यंत आणि डी८५० साडेसत्तावीस इंचांपर्यंत जातो. त्याहून मोठी प्रिंट लोक दूर उभे राहून पाहतात, त्यामुळे इंचाला १५० पिक्सेलही चालून जातात. चौकाचौकांतल्या फ्लेक्सचे म्हणाल, तर दहा फूट रुंदीच्या फ्लेक्सला ६००० पिक्सेलचे छायाचित्र इंचाला ५० पिक्सेल देते आणि रस्त्याच्या पलीकडून ते पुरते. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरील चेहऱ्यांची अवस्था बिघडते ती बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोमुळे, कॅमेऱ्यामुळे नव्हे.

लग्नाच्या अल्बममध्ये मात्र एक जागा अशी आहे, जिथे अधिक पिक्सेल खरोखर कामी येतात. १२ × ३६ इंची अल्बमच्या पूर्ण उघड्या पानावर एकच आडवे छायाचित्र पसरायचे झाल्यास वरचा आणि खालचा भाग कापावा लागतो. २४ मेगापिक्सेलमधून तेव्हा ६००० × २००० एवढाच तुकडा उरतो, म्हणजे इंचाला १६७ पिक्सेल. डी८५० मध्ये तेच प्रमाण २२९ होते. वऱ्हाडी मंडळींच्या मोठ्या समूहचित्रात, जिथे एका रांगेत वीस माणसे उभी असतात, तिथे प्रत्येक माणसाच्या वाट्याला एका कॅमेऱ्यात ३०० पिक्सेलची रुंदी येते आणि दुसऱ्यात ४१० हून थोडी अधिक. मागच्या रांगेतल्या आत्याबाईंचा चेहरा ओळखू येणे न येणे यावर ठरू शकते. परंतु एका अल्बममध्ये अशी पाने किती असतात, हेही मोजावे. उरलेल्या पानांवर चार-सहा लहान छायाचित्रेच असतात, आणि त्यांच्यासाठी १२ मेगापिक्सेलही जास्त होतात. केवळ लग्ने करणाऱ्याने त्यामुळे २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम आणि एक चांगली उजळ लेन्स यांकडे आधी पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अडीच हजार फोटोंची निवड आणि कलर करेक्शन करताना लहान फाइल्सचा उपकार रोज जाणवतो.

चादर, टॉवेल आणि विणीचा प्रश्न

सोलापूरपुरता हा विषय सर्वांत महत्त्वाचा असल्यामुळे थोडा विस्ताराने पाहू. चादरी आणि टेरी टॉवेल यांचे कॅटलॉग करणाऱ्या छायाचित्रकाराला कापडाचा पोत दाखवावा लागतो, आणि ‘पोत’ म्हटले की मोठे रिझोल्यूशन असे समीकरण सहज मांडले जाते. ते तपासून पाहावे.

समजा, ९० इंच लांबीची चादर पूर्ण पसरून, काठोकाठ चौकटीत बसवून वरून टिपली. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात कापडाच्या प्रत्येक इंचाला ६७ पिक्सेल मिळतात आणि डी८५० मध्ये ९२. एक धागा आणि त्याच्या शेजारची फट वेगळी दिसायला किमान दोन पिक्सेल लागतात; म्हणजे अगदी आदर्श परिस्थितीत पहिला कॅमेरा इंचाला ३३ धागे दाखवू शकेल आणि दुसरा ४६. प्रत्यक्षात सेन्सरवरील रंगांच्या जाळीमुळे दोन्ही आकडे खाली येतात. आता कारखानदाराला त्या मालाचा रीड-पिक, म्हणजे इंचाला उभे आणि आडवे धागे किती, हे विचारा. तो आकडा ४६ च्या बराच वर असेल, तर पूर्ण चादरीच्या एका छायाचित्रात प्रत्येक धागा कोणताही कॅमेरा दाखवणार नाही. तो २५ च्या आत असेल, तर तुमचा सध्याचा कॅमेराही दाखवेल. फायदा आहे तो मधल्या पट्ट्यात.

दुसरा मुद्दा कॅटलॉगच्या पानाचा. ए४ आकाराच्या पूर्ण पानाला इंचाला ३०० पिक्सेलच्या हिशेबाने ८.७ मेगापिक्सेल पुरतात. म्हणून पूर्ण चादरीचे एक छायाचित्र आणि विणीचे जवळून घेतलेले दुसरे छायाचित्र, अशी जुनी पद्धत आजही स्वस्त आणि योग्य आहे. मोठ्या रिझोल्यूशनची गरज तेव्हा निर्माण होते, जेव्हा खरेदीदार संकेतस्थळावर एकाच छायाचित्रात आत-आत जाऊन वीण पाहू इच्छितो, किंवा प्रदर्शनातील स्टॉलच्या भिंतीवर तेच छायाचित्र माणसाच्या उंचीचे लावायचे असते आणि लोक त्याच्या अगदी जवळून जाणार असतात. जॅकार्डचे (विणीतच नक्षी उमटवणाऱ्या कापडाचे) पूर्ण डिझाइन दस्तऐवज म्हणून जतन करायचे असेल, तरीही हा खर्च समर्थनीय ठरतो.

तिसरा मुद्दा फारसा कोणी सांगत नाही. कापडाच्या धाग्यांमधले छायाचित्रातील अंतर आणि सेन्सरवरील पिक्सेलच्या ओळींमधले अंतर जवळपास सारखे होते, तेव्हा छायाचित्रात मुळात नसलेले रंगीत, लाटांसारखे पट्टे उमटतात. यालाच मॉयरे म्हणतात. काही सेन्सरवर तो टाळण्यासाठी प्रतिमा किंचित मृदू करणारा लो-पास फिल्टर असतो. डी८५० मध्ये हा फिल्टर नाही. कॅननने २०१५ मध्ये ५०.६ मेगापिक्सेलचे दोन कॅमेरे एकत्र आणले, त्यांपैकी ५डीएस मध्ये फिल्टरचा परिणाम कायम आहे आणि ५डीएस आर मध्ये तो रद्द केलेला आहे. निसर्गदृश्ये टिपणारा डोळे झाकून ‘आर’ घेईल, पण कापडाचे काम करणाऱ्याने साध्या ५डीएस चा विचार आधी करावा. पिक्सेल वाढले की मॉयरे पूर्ण जातो असे नाही. तो दुसऱ्या अंतरावर, दुसऱ्या विणीवर सरकतो. कॅमेरा थोडा पुढे-मागे केला, कापडाचा कोन किंचित बदलला किंवा अ‍ॅपर्चर एफ/११ ते एफ/१६ पर्यंत बंद केले, की तो बहुधा आटोक्यात येतो.

नान्नजचे माळरान आणि गड्ड्याची रात्र

नान्नजच्या अभयारण्यात काळवीट किंवा धाविक, चंडोल हे पक्षी टिपणाऱ्या हौशी मंडळींची अपेक्षा अशी असते की जास्त मेगापिक्सेलमुळे लांबचा प्राणी ‘जवळ’ येईल. येथे पिक्सेलच्या एकूण संख्येपेक्षा एका पिक्सेलचा आकार महत्त्वाचा आहे. २४ मेगापिक्सेलच्या निकॉन क्रॉप सेन्सरवर एक पिक्सेल सुमारे ३.९ मायक्रॉनचा असतो, डी८५० मध्ये ४.३५ मायक्रॉनचा. म्हणजे त्याच ५०० मिलिमीटरच्या लेन्सने, त्याच जागेवरून टिपलेला धाविक डी७२०० मध्ये लांबीला सुमारे अकरा टक्के अधिक पिक्सेल व्यापतो. डी८५० चे छायाचित्र क्रॉप सेन्सरएवढे कापल्यास १९.४ मेगापिक्सेलच उरतात. तेव्हा केवळ पल्ल्यासाठी हा बदल करणे म्हणजे पैसे मोजून किंचित मागे येणे आहे. उडता पक्षी चौकटीत धरून ठेवायला अधिक जागा मिळते, ऑटोफोकस वरच्या दर्जाचा आहे, आणि काळवीट जवळ आल्यास पूर्ण सेन्सर वापरता येतो, हे फायदे खरे आहेत. पण ते वेगळे फायदे आहेत.

शिवाय सोलापूरच्या उन्हाचा विचार करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत ऊन चढू लागले की तापलेल्या माळरानावरची हवा लहरू लागते आणि लांबच्या लेन्समधून दिसणारी प्रत्येक कड थरथरते. अशा वेळी ४५ मेगापिक्सेलचा सेन्सर त्या थरथरीचेच अधिक बारकाईने चित्रण करतो. पहाटे लवकर पोहोचणे आणि प्राण्याचे अंतर कमी होईपर्यंत थांबणे, याला येथे कोणत्याही सेन्सरचा पर्याय नाही.

मकर संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेत, म्हणजे गड्ड्यात, प्रश्न अगदी वेगळा असतो. नंदीध्वजांची मिरवणूक अंधार पडल्यानंतरही चालू असते, बाराबंदी घातलेले मानकरी सतत हलत असतात आणि दिव्यांचा प्रकाश असमान असतो. आयएसओ ६४०० च्या खाली येता येत नाही, कारण शटर स्पीड १/२५० सेकंदाहून कमी केल्यास माणसे पुसट होतात. ५डीएस मालिकेची मूळ आयएसओ मर्यादाच ६४०० आहे, त्यापुढचे १२८०० हे वाढवून दिलेले आहे. त्यामुळे रात्रीच्या कामासाठी ती मालिका मी सुचवणार नाही. डी८५० येथे चांगले काम करतो, पण एकाच आकाराची प्रिंट काढल्यास त्याच्यात आणि डी७५० मध्ये फरक दाखवणे कठीण जाते. पांढऱ्याशुभ्र बाराबंदीवरचे तपशील वाचवायचे म्हणून एक्सपोजर थोडे कमी ठेवून रॉ फाइलमधून (सेन्सरवरची माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमधून) सावल्या उजळणे, ही सवय कॅमेरा बदलण्यापेक्षा अधिक देऊन जाते.

लेन्स आणि हाताचा कंप

बॉडीच्या किमतीत लेन्सची किंमत मिळवल्याशिवाय निर्णय घेऊच नये. कॅननच्या क्रॉप सेन्सरसाठीच्या ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत. निकॉनच्या तशाच डीएक्स लेन्स बसतात, पण कॅमेरा आपोआप सेन्सरचा मधला भागच वापरतो आणि ४५.७ चे १९.४ मेगापिक्सेल होतात. १८-५५ किंवा १८-१४० घेऊन डी८५० कडे जाणाऱ्याने म्हणूनच आपली लेन्सची पिशवी रिकामी आहे असे समजावे. ५० मिलिमीटर एफ/१.८, ७०-२००, २००-५०० अशा फुल फ्रेमसाठीच बनलेल्या लेन्स आधीपासून असतील, तर गणित बरेच बदलते.

मोठे रिझोल्यूशन चुका लपवत नाही. ‘१/फोकल लेंग्थ’ हा शटर स्पीडचा जुना नियम येथे अपुरा पडतो. हातात कॅमेरा धरून १०० मिलिमीटरची लेन्स वापरताना १/१०० ऐवजी १/२०० किंवा त्याहून वेगवान शटर ठेवावे. ट्रायपॉडवर मिरर लॉक-अप आणि केबल रिलीज किंवा सेल्फ टायमर वापरावा, अन्यथा आरसा उचलला जाताना बसणारा धक्काच तपशील खाऊन टाकतो. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा भाग सेन्सरपासून वेगळा असल्यामुळे लेन्स आणि बॉडी यांचे किंचित बिनसले, तर फोकस डोळ्यांऐवजी कानावर जातो. २४ मेगापिक्सेलमध्ये न दिसणारी ही त्रुटी ४५ मध्ये स्पष्ट दिसते. डी८५० मध्ये लाइव्ह व्ह्यूच्या मदतीने आपोआप फाइन ट्यून करण्याची सोय आहे, ती प्रत्येक लेन्ससाठी एकदा वापरावी.

साठवण

डी८५० ची १४ बिट, लॉसलेस कॉम्प्रेस्ड रॉ फाइल साधारण ५० एमबीची असते. एका लग्नात दोन हजार छायाचित्रे धरल्यास १०० जीबी होतात, आणि दुसरी प्रत ठेवायची म्हणजे २०० जीबी. संगणकात १६ जीबी रॅम किमान, ३२ असल्यास बरे, आणि कामाच्या फाइल्स एसएसडीवर. डी८५० चा एक स्लॉट एक्सक्यूडी कार्डाचा आहे. ते कार्ड आणि त्याचा रीडर वेगळा घ्यावा लागतो. कॅमेऱ्यात लहान आकाराच्या रॉ फाइलचा पर्याय आहे, पण तोच नेहमी वापरायचा असेल तर मूळ खरेदीचे कारण उरत नाही.

विकत घेण्यापूर्वीची चाचणी

कागदावरचे गणित झाले, की कॅमेरा एक दिवस हातात घ्या. ओळखीच्या छायाचित्रकाराकडून किंवा पुण्यातील भाड्याने कॅमेरे देणाऱ्या दुकानातून तो मिळू शकतो. सावलीतल्या भिंतीवर एक सोलापुरी चादर ताणून टांगा. दोन्ही कॅमेरे ट्रायपॉडवर, लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करून, सर्वांत कमी आयएसओला चालवा. फुल फ्रेमवर एफ/८ ठेवल्यास क्रॉप सेन्सरवर एफ/५.६ ठेवावे, म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड सारखी राहून तुलना न्याय्य होते. चौकटीत चादरीचा तेवढाच भाग बसेल अशी जागा किंवा लेन्स निवडा. त्यानंतर तुमच्या नेहमीच्या कामातील एक प्रसंग दोन्ही कॅमेऱ्यांनी हातात धरून टिपा; ही दुसरी चाचणी अधिक बोलकी असते, कारण रोजचे काम ट्रायपॉडवर होत नाही.

पडद्यावर १०० टक्के मोठे करून पाहण्याचा मोह होईल. ते एकदा पाहा आणि बाजूला ठेवा. खरी तुलना तुमच्या अंतिम आकारात करायची आहे. २४ × ३६ इंचाची पूर्ण प्रिंट महाग पडत असल्यास, त्या आकारातला मधला ८ × १२ इंचाचा तुकडा दोन्ही छायाचित्रांतून कापून लॅबमध्ये छापून घ्या. मागे पेन्सिलीने खूण करा, घरातल्या कोणाला तरी त्या दोन प्रिंटची अदलाबदल करून ठेवायला सांगा आणि नेहमीच्या अंतरावरून ओळखून दाखवा. तुम्हालाच ओळखता आले नाही, तर ग्राहकाला ओळखता येणार नाही. ओळखता आले आणि तो आकार तुम्ही नियमितपणे विकत असाल, तर पुढे जायला हरकत नाही.

जुना घेताना

डीएसएलआरचे युग ओसरते आहे, हे मान्य करूनच व्यवहार करावा. निकॉन आणि कॅनन या दोघांनीही २०१८ मध्ये नवे मिररलेस माउंट आणले, आणि २०२० नंतर दोघांकडूनही नवा डीएसएलआर आलेला नाही. याचा अर्थ आजचे कॅमेरे बंद पडतील असा नाही. परंतु नवी लेन्स येणार नाही आणि विकताना किंमत उतरलेली असेल. पाच वर्षे वापरून त्याची किंमत कामातून वसूल होणार असेल, तरच हिशेब जुळतो. सर्व लेन्स नव्यानेच घ्याव्या लागणार असतील, तर डी८५० एवढेच पिक्सेल असलेला निकॉन झेड७ हा मिररलेसचा पर्याय त्याच बैठकीत तपासावा. आधीच्या लेन्स असलेल्यांसाठी मात्र डीएसएलआर अजूनही किफायतशीर आहे.

बॉडी पाहताना शटर किती वेळा उघडले आहे ते विचारा. डी८१० आणि डी८५० चे शटर २ लाख, तर ५डीएस चे १.५ लाख वेळांसाठी चाचणी केलेले आहे. निकॉनमध्ये हा आकडा मूळ फाइलच्या माहितीत सापडतो. कॅननमध्ये तो तसा साठवला जात नाही, म्हणून सेवा केंद्रातून किंवा वेगळ्या सॉफ्टवेअरने काढावा लागतो. एफ/१६ ला निरभ्र आकाशाचा फोटो काढून सेन्सरवरची धूळ पाहा. आपल्याकडच्या काळ्या मातीच्या धुळीत वापरलेल्या कॅमेऱ्यात डाग असणारच. साफ होणारे डाग आणि ओरखडा यांतला फरक मात्र दुकानातच ओळखायला हवा. दोन्ही कार्ड स्लॉट, सर्व बटणे, माउंटचे स्क्रू आणि रबराची पकड तपासा. डी८५० बॅटरीसह एक किलोच्या आसपास भरतो, तो ७०-२०० लावून अर्धा तास गळ्यात अडकवून पाहा. मूळ बिल आणि सिरियल नंबर जुळत असल्याची खात्री करा. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाने नोंदणीकृत विक्रेत्याकडून पक्के बिल मिळते का ते विचारावे, कारण त्यावरील कराची वजावट हिशेबात धरता येते, आणि ती धरल्यानंतर घरगुती व्यवहारातला ‘स्वस्त’ कॅमेरा कधीकधी महाग निघतो.

सध्याची बॉडी लगेच विकू नये. लग्नात दुसरा कॅमेरा लागतोच, आणि नान्नजला लांबच्या पक्ष्यासाठी तीच अधिक उपयोगी पडेल.